बिल्डिंग मटेरियलचं दुकान टाकताय? जागा घ्यायच्या आधी पार्किंगचा हिशोब असा मांडा

नवीन दुकान टाकायचं म्हणलं की सगळे भाडं बघतात, आसपास किती साइट चालू आहेत ते बघतात, कोणत्या सिमेंटची डीलरशिप मिळते ते बघतात, आणि पार्किंगचा विषय निघाला की "समोर एवढा मोठा रस्ता आहे की" असं म्हणून पुढं जातात. मोबाइलच्या किंवा कपड्याच्या दुकानाला ते एकवेळ चालून जाईल पण आपल्या धंद्यात माल आणणारी गाडीच बारा टायरी असते आणि माल नेणारा पिकअप पाऊण तास उभा राहतो, त्यामुळं गाडी उभी करायला जागा नसेल तर दुकान चालणंच अवघड होतं. पुण्यात नगर रोडच्या बाजूला आमचा डेपो आहे, परवानगीपासून गेट बसवेपर्यंत सगळं आम्ही स्वतः केलंय, त्यातून जे कळलं ते इथं क्रमानं लिहितोय. नियम महाराष्ट्रातले आहेत, पण मोजायची पद्धत कुठंही चालेल.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नियमात लिहिलेलं पार्किंग म्हणजे परवानगी मिळायला लागणारी कमीत कमी संख्या, तुमच्या धंद्याला खरंच किती लागेल ती संख्या वेगळी. दोन्ही वेगवेगळ्या काढायच्या आणि जी मोठी येईल ती धरायची.

काय काय लागेल

एक वही, पन्नास मीटरचा टेप, मोबाइलमध्ये सॅटेलाइट नकाशा, फक्की किंवा चुना, आणि दोन दिवस एका जागी बसायची तयारी असलेला घरातलाच एखादा माणूस. कागदांची यादी सातव्या पायरीत दिली आहे.

१. नक्की काय विकणार ते आधी लिहून काढा

"बिल्डिंग मटेरियल" हा एकच शब्द असला तरी त्यात चार वेगवेगळे धंदे आहेत आणि प्रत्येकाची गाडी वेगळी असते.

सिमेंट असेल तर आवक मोठ्या ट्रकनं आणि जावक छोट्या गाड्यांनी. गाडी थांबते हमालीच्या वेळेएवढी.

स्टील असेल तर जागेचं गणितच बदलतं. सळई सरळ असली तर १२ मीटर लांब असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती उतरवायची पद्धत म्हणजे बंडलला साखळी लावून खांबाला बांधायची आणि ट्रक पुढं घ्यायचा. म्हणजे ट्रकची लांबी अधिक मागं अजून १२ मीटर मोकळी लेन पाहिजे, आणि त्या वेळी त्या लेनमध्ये दुसरी गाडी किंवा माणूस अजिबात नको. दुमडलेलं बंडल असेल किंवा हायड्रा (छोटी क्रेन) लावून उतरवणार असाल तर लांबी कमी लागते पण हायड्रा फिरायला बाजूला रुंदी लागते.

टाइल्स, सॅनिटरी, प्लायवूड असेल तर गिऱ्हाईक कार घेऊन येतं, बहुतेक वेळा सगळं कुटुंब असतं, आणि टाइल निवडायला तास दीड तास सहज जातो. इथं माल गाड्यांपेक्षा कारचं पार्किंग जास्त महत्त्वाचं.

वाळू, क्रश सँड, खडी, विटा, ब्लॉक असेल तर हायवा, डंपर, ट्रॅक्टर ट्रॉली. यांना छपराखाली जायचं नसतं पण बॉडी वर करायला डोक्यावर मोकळं आभाळ लागतं. हा मुद्दा सहाव्या पायरीत परत येईल कारण तो जिवाशी आहे.

आता यातलं पहिल्या वर्षी काय आणि तिसऱ्या वर्षी काय ते दोन वेगळ्या रकान्यात लिहा. भाडेकरार पाच वर्षांचा आणि हिशोब पहिल्या सहा महिन्यांचा असं करू नका.

२. महिन्याच्या मालाच्या गाड्या करा

विक्रीचा अंदाज तुम्ही बँकेसाठी किंवा कंपनीसाठी काढलेलाच असतो, तोच इथं वापरायचा, फक्त रुपयांऐवजी टनात लिहायचा. सिमेंटची गोणी ५० किलोची म्हणजे टनाला २० गोण्या, हे पाठच असतं सगळ्यांना.

उदाहरण घेऊ. महिन्याला ६,००० गोण्या धरल्या तर ३०० टन झाले. बारा टायरी गाडीत ५०० गोण्या धरल्या तर आवकेच्या १२ गाड्या. सळई ८० टन धरली तर ४ ते ५ गाड्या. टाइल्स आणि बाकी किरकोळ धरून अजून ३. म्हणजे महिन्याला २० मोठ्या गाड्या. ऐकायला किती कमी वाटतं, दिवसाला एक पण नाही.

आता जावक. त्याच ६,००० गोण्या पिकअपनं ३० च्या हिशोबानं गेल्या तर २०० खेपा. छोट्या हत्तीनं गेल्या तर खेपा दुप्पट होतील कारण त्यात १५ च्या आसपासच गोण्या बसतात. सळईच्या ३० ते ३५ खेपा. बाकीचा माल धरून महिन्याला ३०० खेपा होतात, २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला ११ ते १२ गाड्या.

इथंच बरेच जण थांबतात आणि म्हणतात की दिवसाला बारा गाड्या ना, मग दोन गाड्यांची जागा बास झाली. तसं नाहीये. गाड्या सरासरीनं येत नाहीत, झुंडीनं येतात. सिमेंट कंपनीची रेक म्हणजे मालगाडी लागली की मालधक्क्यावर वॅगन लवकर रिकाम्या कराव्या लागतात, उशीर झाला की रेल्वे डेमरेज म्हणजे उशिराचा दंड लावते, त्यामुळं त्या एक दोन दिवसात तुमच्याकडं एकदम दोन तीन ट्रक पाठवले जातात. महिनाअखेरीला टार्गेट आणि स्कीमसाठी तसंच होतं. जावकेचं म्हणाल तर सगळ्या साइटना माल सकाळी मिस्त्री कामाला लागायच्या आत पाहिजे असतो. आणि सीझन वेगळाच, दिवाळी झाल्यावर मे महिन्यापर्यंत जी गर्दी असते ती पावसाळ्यात नसते, म्हणून जुलैमध्ये जागा बघून "इथं कुठं काय गर्दी आहे" असं ठरवू नका.

३. दुसऱ्याच्या दुकानासमोर बसून मोजा

हे सगळ्यात जास्त उपयोगाचं काम आहे आणि हेच कोणी करत नाही. तुमच्याएवढाच पसारा असलेलं, तुमच्यासारख्याच भागातलं एक चालू दुकान निवडा. शक्यतो तुमच्या एरियाच्या बाहेरचं, म्हणजे मालकाला जाऊन सरळ सांगता येतं की आम्ही नवीन टाकतोय, दोन दिवस गाड्या मोजायच्या आहेत. आपल्या धंद्यातले लोक यात नाही म्हणत नाहीत, उलट चहा पाजून त्यांची स्वतःची अडचण सांगतात.

एक साधा कामाचा दिवस आणि एक शनिवार किंवा रविवार असे दोन दिवस घ्या. सकाळी ७ पासून दुकान बंद होईपर्यंत बसा. वहीत प्रत्येक गाडीसाठी हे लिहा:

- आली किती वाजता
- कसली गाडी: दुचाकी, कार, छोटा हत्ती, पिकअप, ४०७, आयशर, दहा टायरी, बारा टायरी, ट्रॅक्टर
- कशाला आली: माल उतरवायला, भरायला, नुसती चौकशी, पैसे द्यायला
- कुठं उभी राहिली: आत, गेटमध्ये, रस्त्यावर, शेजाऱ्याच्या दारात
- गेली किती वाजता

शिवाय दर पंधरा मिनिटांनी एकदा सगळीकडं नजर टाकून एकूण किती गाड्या उभ्या आहेत ते लिहायचं. घाईत एखादी नोंद सुटली तर या पंधरा मिनिटांच्या आकड्यावरून ती पकडता येते.

गाडी आल्यापासून जाईपर्यंतचा वेळ मोजायचा, नुसता माल भरायचा वेळ नाही. पिकअपमध्ये ३० गोण्या टाकायला फार वेळ लागत नाही पण बिल होईपर्यंत, हमाल मोकळा होईपर्यंत, ड्रायव्हरचा चहा होईपर्यंत गाडी तिथंच असते. मोठ्या ट्रकचं तर अजूनच. माथाडी टोळीची जेवायची सुट्टी झाली की ट्रक तासभर तसाच उभा. लांबून आलेला ड्रायव्हर रात्री येऊन पोचतो आणि सकाळपर्यंत गाडीतच झोपतो, ती गाडी कुठं उभी असते ते पण बघा, रात्रीचं कोणी मोजतच नाही.

४. गर्दीच्या तासाचा हिशोब

गणित एका ओळीचं आहे: तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले गाडी थांबते ते तास, म्हणजे एकावेळी उभ्या असणाऱ्या गाड्या. फक्त सरासरी दिवस घ्यायचा नाही, गर्दीचा दिवस आणि त्यातला गर्दीचा तास घ्यायचा.

वरचंच उदाहरण पुढं नेऊ.

जावकेच्या गाड्या: सरासरी १२ असल्या तर गर्दीच्या दिवशी २० धरा. त्यातल्या निम्म्या सकाळी ८ ते ११ मध्ये, म्हणजे तीन तासात १०, तासाला साडेतीनच्या जवळपास. प्रत्येक गाडी पाऊण तास थांबते. साडेतीन गुणिले पाऊण म्हणजे अडीचच्या वर, तीन धरा. एक जास्तीची ठेवा कारण एखादी गाडी पंक्चर होते, एखाद्याचं पेमेंट अडकतं. ४ जागा.

आवकेचे ट्रक: एक उतरवतोय आणि एक थांबलाय, हे दोन्ही आत मावले पाहिजेत. २ जागा. तिसरा आला तर त्याला बाहेरच कुठं थांबवायचं याचं ठिकाण आधी ठरवून ट्रान्सपोर्टवाल्याला सांगून ठेवायचं.

टाइल बघायला येणारे: रविवारी तासाला ३ कार, प्रत्येक दीड तास. साडेचार, म्हणजे ५.

बाकी कॉन्ट्रॅक्टर, इंजिनिअर, कंपनीचा सेल्समन: कार २.

दुचाकी: गर्दीच्या तासाला २० आणि प्रत्येक अर्धा तास म्हणजे १०. आपल्या माणसांच्या ८ वेगळ्या. मालकाची आणि स्टाफची गाडी दिवसभर हलत नाही, त्यामुळं ती कायमची जागा खाते हे धरूनच चाला. एकूण १८.

म्हणजे ४ पिकअप, २ ट्रक, ७ कार, १८ दुचाकी. हे आकडे माझ्या उदाहरणातले आहेत, तुमचे तुमच्या वहीतून काढा.

५. आता नियमातली संख्या काढा

मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबई महापालिकेला तिची वेगळी नियमावली, डीसीपीआर २०३४, आहे आणि एमआयडीसीत प्लॉट असेल तर एमआयडीसीची स्वतःची नियमावली. आपली जागा कोणाच्या हद्दीत ते आधी लेखी विचारून घ्या. पुण्याच्या कडेला हा घोळ फार होतो, २०२१ ला वाघोलीसकट २३ गावं महापालिकेत आली, त्यामुळं शेजारचा माणूस जुन्या अनुभवावरून सांगतो ते तसंच लागू होईल असं नाही.

यूडीसीपीआरमध्ये आठवं प्रकरण पार्किंगचं आहे. त्यातून तीन गोष्टी बघायच्या. एक, जागेचं माप: कारला अडीच मीटर बाय पाच मीटर, दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर. दोन, कोणत्या वापराला किती चटई क्षेत्रामागं (म्हणजे बांधकामाच्या एकूण क्षेत्रफळामागं) किती कार आणि किती दुचाकी तो तक्ता. तीन, शहराच्या वर्गाप्रमाणे त्या संख्येला लावायचा गुणक. दुकान, गोडाऊन आणि ऑफिस हे वेगवेगळे वापर आहेत, त्यामुळं तुमचं शोरूम किती आणि गोडाऊन किती हे वेगळं मोजून दोन्हीचं वेगळं पार्किंग काढून मग बेरीज करायची. आर्किटेक्टनं सगळंच एका वापरात टाकलं असेल तर विचारा का टाकलं म्हणून.

शिवाय माल चढ उताराच्या जागा वेगळ्या. व्यापारी आणि गोडाऊनच्या इमारतीला पहिले ५०० चौरस मीटर सोडून पुढच्या प्रत्येक १,००० चौरस मीटरला किंवा त्याच्या भागाला एक जागा, आणि ती कमीत कमी ३.७५ बाय ७.५ मीटरची.

आता हे आपल्या उदाहरणाला लावून बघा म्हणजे मी सुरुवातीला काय म्हणत होतो ते कळेल. दुकान १,५०० चौरस फूट आणि गोडाऊन ३,००० चौरस फूट, मिळून ४,५०० म्हणजे साधारण ४१८ चौरस मीटर. ५०० च्या आत. नियमाप्रमाणे माल चढ उताराची सक्तीची जागा शून्य! आणि आपल्या हिशोबानं लागतात सहा, त्यातल्या दोन तर अशा की ३.७५ बाय ७.५ मध्ये बारा टायरी बसतच नाही. नकाशा मंजूर झाला म्हणजे पार्किंगचं काम झालं असं समजणारा इथं फसतो.

दिव्यांगांसाठीची जागा विसरू नका, ती ३.६ मीटर रुंद धरतात, व्हीलचेअर बाजूनं निघायला पाहिजे म्हणून. ती दाराजवळ आणि सपाट फरशीवर ठेवा, खडीवर चाक चालत नाही.

६. जागेवर बसवून बघा

संख्या मिळाली, आता चौरस मीटर. कार नुसती उभी राहायला साडेबारा चौरस मीटर लागतात पण आत यायला, वळायला, निघायला धरून २५ धरा. दुचाकीला २ ऐवजी ३. पिकअपला ३.७५ बाय ७.५ म्हणजे साधारण २८, त्याच्या दुप्पट ५६. ट्रकला ४ बाय १२ म्हणजे ४८, आणि त्याला वळायला वेगळं अंगण.

७ कार १७५, १८ दुचाकी ५४, ४ पिकअप २२५, २ ट्रक ९६. बेरीज ५५० चौरस मीटर. ट्रक वळायचं अंगण २५० धरलं की ८०० झाले. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे जवळपास आठ गुंठे नुसते गाड्यांना गेले! दुकान, गोडाऊन, उघडा माल हे सगळं त्याच्या वर. दहा गुंठ्याचा प्लॉट बघून जे खूश होतात त्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

ट्रकच्या वळणाबद्दल जरा थांबून सांगतो. मोठ्या सरळ बॉडीच्या ट्रकला बाहेरच्या बाजूनं १२ मीटरच्या आसपास त्रिज्या लागते, म्हणजे एका दमात गोल फिरायचं तर २४ ते २५ मीटर रुंद मोकळी जागा पाहिजे. एवढी नसते कोणाकडं. मग दोन पर्याय, एक तर दोन गेट ठेवा, आत एकीकडून आणि बाहेर दुसरीकडून, म्हणजे वळायचंच नाही. किंवा आत इंग्रजी टी अक्षरासारखी जागा ठेवा आणि ट्रक रिव्हर्स मारून वळवा. रस्त्यावरून रिव्हर्स मारत आत घ्यायचं हा तिसरा पर्याय लोक सर्रास वापरतात पण तो प्लॅनमध्येच धरू नका. शाळेच्या व्हॅन, दुचाकीवरच्या बायका मुली यांच्यामधून दहा बारा मीटरची गाडी मागं घ्यायची म्हणजे रोज धोका पत्करायचा, आणि क्लीनर खाली उतरला तरी त्याला दोन्ही बाजू दिसत नाहीत.

उंचीकडं लोकांचं लक्ष जात नाही. भरलेला ट्रक चार मीटरपर्यंत उंच असतो, त्यामुळं गेटवर कमान करायची हौस असेल तर मोकळी उंची पाच मीटर ठेवा. आणि जिथं वाळू खडी ओतणार तिथं वर बघा. वर वीज वाहिनी असेल तर ती जागा डंपरसाठी बाद. बॉडी वर केली की ती ट्रकपेक्षा कितीतरी उंच जाते आणि तारेला लागून ड्रायव्हर जागेवर गेल्याच्या घटना होतात. महावितरणकडं अर्ज करून लाइन हलवून घेता येते पण त्याचा खर्च आणि वेळ जागा घ्यायच्या आधी विचारून घ्या.

जमीन कशी आहे ते पण बघा. काळी माती असेल आणि वर नुसता मुरूम टाकला तर पहिल्या पावसात ट्रक रुततो आणि मग एक ट्रक रुतला की सगळं पार्किंग बंद. ट्रकच्या मार्गात काँक्रीट करा. ६० मिलीमीटरचे पेव्हर कारच्या भागात ठीक आहेत, बारा टायरीखाली ते बसतात आणि सुटतात.

गिऱ्हाईकाची कार आणि हमालाची ये जा एका वाटेवर नको. दुकानाच्या दर्शनी बाजूला कार आणि दुचाकी, मागं किंवा एका बाजूला माल, मध्ये साखळी किंवा रेलिंग. लहान मुलं घेऊन टाइल बघायला आलेलं कुटुंब सळईच्या लेनमधून चालत जाता कामा नये, यात तडजोड करू नका, जागा कमी असेल तर सळई ठेवू नका.

वजनकाटा घालणार असाल तर त्याच्या पुढं आणि मागं एक एक ट्रक सरळ रेषेत उभा राहील एवढी जागा सोडा.

७. रस्ता, गेट आणि कागद

गेट रस्त्याच्या अगदी कडेला लावू नका. आत एक ट्रक पूर्ण मावेल एवढं मागं घ्या, म्हणजे वॉचमन गेट उघडेपर्यंत ट्रकचा मागचा भाग रस्त्यावर राहत नाही. रस्त्यावर धोकादायक किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ खाली येतं, आणि दंड ड्रायव्हरला बसला तरी तो तुमच्याकडूनच भरून घेतो आणि पुढच्या वेळी तुमचा माल घ्यायला तयार होत नाही.

प्लॉट नॅशनल हायवेला लागून असेल तर हायवेवरून आत यायच्या वाटेची परवानगी वेगळी घ्यावी लागते, राज्य मार्गाला सार्वजनिक बांधकाम खात्याची. शिवाय हायवेच्या मध्यापासून बांधकाम रेषा सोडावी लागते. दुभाजक कुठं फुटतो ते चालत जाऊन बघा. तुमच्या समोर कट नसेल तर ट्रक पुढं जाऊन वळून येणार की ड्रायव्हर उलट्या बाजूनं घुसवणार, हा विचार आत्ताच करा.

शहरात जड वाहनांना सकाळ संध्याकाळ बंदीच्या वेळा असतात. त्या वाहतूक शाखेच्या चालू अधिसूचनेतून घ्या, ऐकीव नको. या वेळा तुमच्या हिशोबाला थेट भिडतात, कारण सकाळी ८ नंतर ट्रक येऊ शकत नसेल तर तो पहाटे येऊन तुमच्या दारात उभा राहणार. आणि रात्री उतरवायचं म्हणलं तर रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनी नियमांत रात्रीची वेळ धरलेली आहे, शेजारी सोसायटी असेल तर सळई टाकल्याचा आवाज त्यांना झोपू देणार नाही.

कागद हे लागतील:

- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, चालू तारखेचं
- मोजणी नकाशा, हद्दी दाखवलेला
- झोन दाखला आणि डीपीचा (शहराच्या विकास आराखड्याचा) भाग नकाशा
- अकृषिक परवानगी किंवा त्याबद्दलचा कागद
- भाड्याची जागा असेल तर नोंदणीकृत भाडेकरार, त्यात मोकळ्या जागेचा वापर आणि पार्किंग स्पष्ट लिहिलेलं
- आर्किटेक्टचा प्लॅन, पार्किंगच्या खुणा आणि मापं दाखवलेला
- हायवे किंवा राज्य मार्ग असेल तर एक्सेसची परवानगी
- दुकान म्हणून शॉप अ‍ॅक्टची नोंद, कामगार कमी असतील तर ऑनलाइन सूचना दिली की होतं

यातला डीपीचा भाग नकाशा सगळ्यात आधी काढा. समोरचा रस्ता आज १२ मीटरचा आणि डीपीत २४ चा असेल तर रुंदीकरणात जी पट्टी जाणार ती नेमकी तुमच्या पार्किंगचीच असते. जाणारी पट्टी वजा करून उरलेल्या जागेवर हिशोब बसतो का ते बघा. भाडेकराराचं पण तसंच, मालक तोंडी म्हणतो "समोरचं सगळं तुमचंच" आणि वर्षभरात तिथं टपरी टाकून देतो. ते कागदावर घ्या.

८. जागा पुरत नसेल तर

बहुतेकांना पुरत नाही, त्यामुळं घाबरून जाऊ नका. पण जागा पुरत नाही म्हणून आकडे कमी करू नका, धंद्याची मांडणी बदला.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मोठा माल डेपोत आणायचाच नाही. पूर्ण ट्रकची ऑर्डर असेल तर कंपनीकडून सरळ साइटवर पाठवा. तुमची हमाली वाचते, दोन खेपांची जागा वाचते. आम्ही यानंच सकाळची गर्दी बरीच कमी केली.

दुसरं, सळई आणि वाळू खडीसाठी गावाबाहेर स्वस्तातलं उघडं यार्ड, आणि दुकानात फक्त सिमेंट, टाइल्स, हार्डवेअर. दोन जागांचं भाडं मिळून सुद्धा रोडटच मोठ्या प्लॉटपेक्षा कमी पडतं बऱ्याचदा.

तिसरं, वेळा बांधून द्या. आवक दुपारी १२ ते ४, जावक सकाळी. ट्रान्सपोर्टवाला ऐकतो, फक्त ते पहिल्या दिवसापासून सांगावं लागतं आणि ड्रायव्हरला थांबायला सावली, पाणी, संडास द्यावा लागतो. तो रात्रभर गाडी चालवून आलेला असतो, एवढं केलं पाहिजे आणि केलं की तो तुमची वेळ पाळतो.

माल मात्र कधीच पार्किंगमध्ये रचू नका. सीझनला पहिला मोह हाच होतो, भाव वाढणार म्हणून जास्तीच्या विटा आणल्या आणि कारच्या जागेवर लावल्या. त्या विटा सहा महिने तिथंच राहतात, गिऱ्हाईक रस्त्यावर गाडी लावतं, शेजारी तक्रार करतो, आणि मंजूर पार्किंगमध्ये माल म्हणून नोटीस यायला कारण मिळतं.

९. सही करायच्या आधी एकदा गाडी फिरवा

टोकन द्यायच्या आधी मालकाची परवानगी घेऊन प्लॉटवर फक्कीनं खरे चौकोन आखा. कार, दुचाकी, पिकअप, ट्रक, गेट, गोडाऊनच्या भिंती, सगळं. मग ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून एक रिकामी बारा टायरी अर्ध्या दिवसासाठी बोलवा, डिझेल आणि ड्रायव्हरचे पैसे द्या, आणि त्याला सांगा की रस्त्यावरून आत ये, उतरवायच्या जागी लाव, आणि बाहेर जा. त्याच वेळी दोन पिकअप आणि दोन तीन कार त्यांच्या चौकोनात उभ्या असू देत. जमलं तर हे सकाळी ९ च्या ट्रॅफिकमध्ये करा, दुपारी सगळंच सोपं जातं.

ड्रायव्हर काय म्हणतो ते नीट ऐका. तो म्हणला की "साहेब, इथं भिंत आली तर मला तीनदा पुढं मागं करावं लागेल" तर भिंत सरकवा, कागदावर कितीही छान दिसत असली तरी. चाकाच्या खुणांचे फोटो काढून आर्किटेक्टला पाठवा, त्याला त्यावरून प्लॅन दुरुस्त करू द्या, आणि तो दुरुस्त प्लॅन हातात आला की मगच टोकन द्या.